जळला मेला लायटर

धंदा उभा करायला एक पिढी लागते, बुडवायला दुसरी, आणि बुडाला तो धंदा किती थोर होता हे सांगायला तिसरी. माझ्या सासरी ही तिसरी पिढी म्हणजे माझा मेहुणा. पुण्यात मॅनेजमेंटची पदवी घेऊन त्याने काही वर्षं हिंजवडीत काढली. मग एका दिवाळीत रायपूरला घरी आला आणि फराळाच्या ताटावर त्याने जाहीर केलं, “आजोबांचा टेबल लायटरचा धंदा मी पुन्हा सुरू करणार.”

सासरेबुवांनी चकलीचा तुकडा तोंडात ठेवला आणि तो विरघळेपर्यंत काही बोलायचं नाही असं ठरवलं. सासूबाई मात्र तत्काळ म्हणाल्या, “जळला मेला तो लायटर!” वास्तविक त्या लायटरबद्दल घरात जन्मभर जी तक्रार होती ती नेमकी उलट होती. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?” मी दुसरा लाडू घेतला. सासरी जावयाला मान असतो, मत नसतं, हे मी लग्नाच्या पंगतीतच ओळखलं होतं.

हल्लीच्या वाचकांना टेबल लायटर म्हणजे काय हे सांगावं लागेल. शेगडीशी टक-टक करतो तो स्वयंपाकघरातला नव्हे. पानठेल्यावर दोरीला लटकतो तो प्लास्टिकचाही नव्हे. दिवाणखान्यात मधोमध टेबल, टेबलावर क्रोशाचं विणकाम, विणकामावर राखदाणी आणि तिच्या शेजारी पाव-अर्धा किलोची चांदीची किंवा पितळेची एक वस्तू. ती खिशात मावत नाही, हातात घेऊन हिंडता येत नाही आणि यजमानाशिवाय कुणी तिला हात लावत नाही. पाहुण्याने सिगारेट ओठांत धरायची, यजमानाने पुढे वाकून अंगठा फिरवायचा, की एका दमात ज्योत यायची. निदान विलायती चित्रपटांत तरी ती एका दमात यायची.

आजेसासऱ्यांनी केलेला एक लायटर घरात अजून आहे. पितळी, घाटदार, खाली रुंद आणि गळ्याशी निमुळता. आत टाकी, टाकीत कापूस, कापसातून वर आलेली वात. वातीच्या कडेला दातेरी चाक आणि चाकाखाली स्प्रिंगवर उभा केलेला चकमकीचा बारीक खडा. आमच्याकडे सगळे त्याला ‘पत्थर’ म्हणतात. चाक फिरलं की ठिणगी उडते आणि वातीवरची पेट्रोलची वाफ पेटते. एकूण निरांजनच ते, फक्त तुपाच्या जागी पेट्रोल. बुडाशी इंधन भरायचा स्क्रू आहे. त्याची खाच बरोब्बर चवन्नीच्या जाडीची, म्हणून दोऱ्याने बांधलेली एक चवन्नी त्याला कायम लटकलेली असते. सरकारने ३० जून २०११ पासून चवन्नी चलनातून काढून घेतली. या घरात ती अजून सेवेत आहे.

आजेसासरे काही नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आलेले नव्हेत. ते बंगाल नागपूर रेल्वेच्या तिकिटावर आले, तात्यापाऱ्यात खोली घेऊन राहिले आणि गोल बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानात बसू लागले. पुढे दुकान स्वतःचं केलं. कुणा साहेबाच्या टेबलावरचा विलायती लायटर बिघडून दुरुस्तीला आला, तो त्यांनी उघडला, आत डोकावले आणि म्हणाले, “एवढंच होय!” सासरच्या सगळ्या पुराणाचा हा पहिला अध्याय. ‘एवढंच होय’ म्हणून सुरू केलेली कामं मराठी माणसाला पुढे किती महाग पडतात हे आपण जाणतोच.

आजेसासऱ्यांची गिऱ्हाइकं म्हणजे मालगुजार, वकील आणि जंगलखात्याचे साहेब. १९५१ साली मालगुजारी गेली. मालगुजारांचे दिवाणखाने राहिले, पण त्यात येऊन सिगारेट ओढणारे साहेब यायचे थांबले. मग भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि रशियन इंजिनियर आले. त्यांतल्या एका धिप्पाड साहेबाने गोल बाजारात येऊन आजोबांचा लायटर घेतला आणि खुश होऊन आजोबांना मिठी मारली, अशी दंतकथा आहे. साहेबाचं नाव कुणाला आठवत नाही, मिठी मात्र सगळ्यांना आठवते. त्यानंतर प्लास्टिकचे गॅस लायटर आले आणि दुकान हळूहळू पुन्हा समया-निरांजनांकडे वळलं. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली तेव्हा सासरेबुवा म्हणाले, “बाबांनी वेळेवर आटोपलं.” हे त्यांनी वडिलांच्या धंद्याबद्दल म्हटलं की वडिलांबद्दल, ते विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

मेहुण्याकडे मात्र लॅपटॉप होता आणि त्यात जगाचा इतिहास होता. त्या इतिहासाने त्याला पार बिघडवलं. जगातला पहिला लायटर हा टेबल लायटरच होता, हे त्याला कळलं. १८२३ साली जर्मनीतल्या येना इथे योहान वोल्फगांग डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात जस्त आणि गंधकाम्ल एकत्र आणून हायड्रोजन काढला, तो प्लॅटिनमवर सोडला आणि ज्योत पेटवली. आम्लाने भरलेलं असलं भांडं खिशात घालणारा माणूस पुन्हा कोट घालण्याच्या स्थितीत राहिला नसता. त्यानंतर तीन वर्षांनी, १८२६ मध्ये, इंग्लंडात जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याला घासून पेटणारी काडी सापडली. म्हणजे माणसाने आधी लायटर केला आणि मग त्याला सुचलं की काडीवरही भागतं. युरोपला हे कळायला तीन वर्षं लागली. मेहुण्याला मी थोडी जास्त मुदत द्यायला तयार होतो.

पुढे चाकाखालचा तो ‘पत्थर’ आला. त्याचं पेटंट १९०३ सालचं, कार्ल आउअर फोन वेल्सबाखचं. गॅसबत्तीची जाळीही याच गृहस्थाची, म्हणजे आपल्या लग्नांच्या वराती ज्या बत्त्यांच्या उजेडात निघत त्यांवर याचेच उपकार. मग रॉन्सन कंपनीचा ‘क्वीन ॲन’ आला, चांदीचा मुलामा दिलेला, साखरदाणीसारखा गुबगुबीत. युद्धात हरलेल्या जपानने अमेरिकनांच्या ताब्यात असताना तिपाईवर उभ्या कॅमेऱ्याच्या आकाराचे लायटर काढले. डनहिलने तर पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांमध्ये मासे कोरून मत्स्यालयाचा लायटर केला. आज हे सगळं संग्राहक जपून ठेवतात आणि डनहिलची ती मत्स्यालयं लिलावात लाखांच्या घरात जातात. हा आकडा मेहुण्याने वाचला आणि हिंजवडीच्या कंपनीला राजीनामा पाठवला.

आता गोल बाजार. जयस्तंभ चौकातून मालवीय रोडने आलात की आत शिरायला वाट सापडते. बाहेर कुठून पडाल ते बाजार ठरवतो. लग्नाचे मौर, हळदकुंकू, सुपं-टोपल्या, पत्रावळी-द्रोण, जडीबुटी, कांशाची ताटं, मोसमाप्रमाणे राख्या आणि पिचकाऱ्या. बारशापासून तेराव्यापर्यंत लागणारं सगळं सामान इथे मिळतं, असं रायपूरकर अभिमानाने सांगतात, आणि ते खरं आहे. अडचण एवढीच की टेबल लायटर यातल्या कुठल्याच संस्कारात बसत नाही.

धंदा ‘आमच्याच मातीतला’ असायला हवा म्हणून लायटर बस्तरच्या ढोकरा पद्धतीने घडवायचा असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या धाग्यांनी नक्षी गुंडाळायची, त्यावर पुन्हा माती, मग भट्टी. मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी वितळलेला धातू उतरतो. साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. बस्तर ढोकऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. धमतरी, कांकेर, केशकाल घाट ओलांडून मेहुणा कोंडागावला गेला आणि हत्ती करायची ऑर्डर देऊन आला. हत्तीच का, तर १९६७ साली एअर इंडियाने चित्रकार साल्वादोर दालीकडून राखदाणी करून घेतली होती. तिच्यावरचे हंस उलटे केले की हत्ती दिसायचे, आणि मोबदला म्हणून त्याला पैशांऐवजी खराखुरा हत्तीचा छावा धाडला होता. राखदाणीवर हत्ती चालतो तर लायटरवर का नाही? या युक्तिवादाला उत्तर नसतं. ताटातला लाडू संपलेला असला तर तेवढी पंचाईत होते.

हत्ती आले. सुरेख आले. सोंड वर, कान पसरलेले, पाठीवर झूल. पोटात पेट्रोल ओतलं आणि अर्ध्या तासात चारही पाय ओले झाले. ओतीव पितळेत बारीक छिद्रं राहतात. पाण्याला ती दिसत नाहीत, पेट्रोलला लगेच सापडतात. “एमा पेट्रोल काबर भरे हव?” असं कोंडागावच्या कारागिराने फोनवर शांतपणे विचारलं. त्याचे आजोबा-पणजोबा देव, दिवे आणि धान्य मोजायची मापं ओतत आले होते. धान्य गळत नाही. पेट्रोल पिणारा हत्ती त्याच्या घराण्यात प्रथमच होत होता. शेवटी आत वेगळी पत्र्याची टाकी बसवायची ठरली. मग चाक, स्प्रिंग आणि वात धरणारी नळी हे सगळं इतक्या बारकाईने इथे कोण करणार? आजोबा कानस घेऊन करायचे. नातवाने ऑनलाइन मागवलं. हत्ती बस्तरचा, आतडी परदेशातली आणि टाकी आमच्याच गल्लीतल्या डबेवाल्याची. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘तीन पिढ्यांची परंपरा’.

सरकारचंही लक्ष नेमकं याच वेळी लायटरकडे गेलं होतं. काडेपेटी तब्बल चौदा वर्षं एक रुपयाला होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांची झाली. तरी स्वस्त चिनी लायटर तिचं गिऱ्हाईक पळवत असल्याची तमिळनाडूच्या काडेपेटीवाल्यांची तक्रार होती. जून २०२३ मध्ये वीस रुपयांखालच्या लायटरची आयात बंद झाली. पाठोपाठ लायटरसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेशही निघाला. मेहुण्याने ते मानक मिळवून मला वाचायला दिलं. त्यात पडझडीची एक चाचणी आहे. लायटर दीड मीटर उंचीवरून तीनदा खाली पाडायचा आणि त्याला काही होता कामा नये. आमचा हत्ती सव्वा किलोचा. दुकानाच्या माडीवर ही चाचणी घरगुती पातळीवर घेण्यात आली. हत्तीला काहीही झालं नाही. फरशीचे दोन तुकडे झाले आणि खालच्या मसालेवाल्याने वर येऊन ‘भूकंप आहे का’ विचारलं. फरशीसाठी मानकात तरतूद नाही.

हत्ती काउंटरवर मांडले, पुढे किमतीची चिठ्ठी लावली. बाजारात गर्दी कमी नव्हती. एक बाई थांबल्या, त्यांनी हत्ती हातात घेऊन वजन बघितलं, सोंडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हाथी त बने हे. एमा अगरबत्ती कहाँ खोंचथें?” मेहुणा पंधरा मिनिटं त्यांना टेबल लायटर समजावत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि शेजारच्या दुकानातून अगरबत्तीचं घर घेतलं. एका तरुणाने विचारलं, “भैया, चार्जिंग वाला है क्या?” सिगारेट ओढणारे जे खरे गिऱ्हाईक, ते तर बायकोबरोबर आलेले असत. ते हत्तीकडे असं पाहत, जणू काही आयुष्यात सिगारेट कशी असते ते त्यांना ठाऊकच नाही.

मग मेहुण्याने संग्राहक गाठले. मुंबईच्या एकाचा फोन आला. बोलणं अदबीचं होतं. “जुना आहे का?” “नाही, नवा आहे, पण परंपरा जुनी आहे.” “परंपरा नको हो, लायटर जुना हवा.” संग्राहक आणि व्यापारी यांच्यातला हा मूळ तंटा आहे आणि तो कुठल्याही मॅनेजमेंटच्या पदवीने सुटत नाही. वस्तू संग्राह्य होते ती तिचा धंदा बंद पडल्यामुळे. रॉन्सनचे जुने टेबल लायटर लोक शोधत फिरतात, कारण ती जुनी रॉन्सन आता राहिली नाही. तिचा लायटरचा व्यवसाय २०१० मध्ये झिप्पोने विकत घेतला. धंदा पुन्हा सुरू करणं म्हणजे आपल्याच वस्तूचा भाव स्वतःच्या हाताने पाडणं. आजोबांनी दुकान वळवून जी किंमत निर्माण केली होती ती नातू नवे हत्ती ओतून घालवत होता.

संग्राहकाने शेवटी विचारलं, “आजोबांनी केलेला एखादा असेल तर देता का?” आणि एक रक्कम सांगितली. ती ऐकून घरात एकदम शांतता पसरली. आजोबांचा तो लायटर तोवर स्वयंपाकघरात, पेपरच्या रद्दीवर वजन म्हणून होता. त्याच संध्याकाळी तो रद्दीवरून उठून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेला. दुसऱ्या दिवशी बिलासपूरहून आत्याबाईंचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली हे कळायला मार्ग नाही, पण छत्तीसगडात मराठी नातेवाइकांइतकी वेगवान सेवा दुसरी नाही. आत्याबाईंचं म्हणणं असं की हा लायटर बाबांनी त्यांच्या रुखवतात मांडला होता, गडबडीत तो परत आला, आणि त्यामुळे तो कायद्याने त्यांचा आहे. रुखवतात लायटर? सासूबाईंनी हा प्रश्न ज्या सुरात विचारला त्याने प्रकरण चिघळलं. मग जुन्या फोटोंचा अल्बम निघाला. रुखवताच्या फोटोत सप्तपदीची सुपारी आहे, साखरेची फळं आहेत, विणलेलं तोरण आहे, आणि एका कोपऱ्यात काहीतरी चमकतं आहे. आत्याबाई म्हणतात तो लायटर. सासूबाई म्हणतात ते अत्तरदान. फोटो काळा-पांढरा आहे आणि फोटोग्राफर हयात नाही. धंदा राहिला बाजूला, घरात भाऊबंदकी मात्र रीतसर पुनरुज्जीवित झाली. मला दोन्ही बाजूंनी मत विचारण्यात आलं. मी दोन्ही बाजूंचा फराळ खाल्ला.

हत्तींचं नशीब उघडलं ते अगदी वेगळ्याच ठिकाणी. रायपूरची मराठी मंडळी कार्यक्रमांना कधी कमी पडत नाहीत. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाची परंपरा १९३५ पासूनची आहे, आणि एकूणच शहरात वर्धापनदिन, कोजागिरी, सत्कार, पुण्यतिथी यांची रेलचेल असते. या सगळ्यांत एक भाग ठरलेला असतो: दीपप्रज्वलन. आणि दीपप्रज्वलन कधीही पहिल्या काडीत होत नाही, हाही नियम ठरलेला आहे. मुख्य पाहुणे मेणबत्ती घेतात. पंखा चालू असतो. मेणबत्ती विझते. पंखा बंद करायला कुणीतरी धावतो तर दिवेच जातात. काडेपेटी सापडते ती दमट असते. वात तेलात बुडालेली असते, ती वर काढायला कुणाकडे टाचणी नसते, मग अध्यक्षांच्या गळ्यातल्या बिल्ल्याची पिन मागावी लागते. तोवर सूत्रसंचालिका तेजाबद्दल बोलत राहते. तिला थांबता येत नाही, कारण कवितेचा संपूर्ण साठा संपला तरी ज्योत आलेली नसते.

एका संस्थेच्या अशाच कार्यक्रमात मेहुण्याने समईशेजारच्या टेबलावर हत्ती ठेवला. पाहुण्यांनी अंगठा फिरवला आणि ज्योत पहिल्या फटक्यात आली. सभागृहातून ‘वा!’ असा आवाज आला. पण हत्ती टेबलावर आणि समई छातीइतकी उंच. पाहुण्यांनी मोठ्या विश्वासाने सव्वा किलोचा हत्ती उचलला आणि निरांजन ओवाळावं तसा समईकडे कलता केला. टेबल लायटरला टेबलाचा आधार का हवा असतो हे त्या क्षणी सगळ्या सभागृहाला समजलं. पेट्रोल वातीकडे धावलं, ज्योत हातभर वाढली, समईच्या पाचही वाती एकदम पेटल्या आणि पाहुणे दोन पावलं मागे सरले. कुणालाही काही लागलं नाही. सूत्रसंचालिका म्हणाली, “तेजाचा असा आविष्कार आपण कधी पाहिला नसेल,” आणि ते अक्षरशः खरं होतं. टाळ्या मिनिटभर थांबल्या नाहीत.

त्या रात्री दुसऱ्या एका मंडळाचे कार्यवाह मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाले, “आमच्या वर्धापनदिनाला एक पाहिजे. पण जरा कमी आविष्काराचा.”

तेव्हापासून पद्धत ठरली आहे. हत्ती टेबलावरून हलवायचा नाही. हत्तीवर मेणबत्ती पेटवायची आणि मेणबत्तीने समई. डोबरायनरपासून दालीपर्यंतचा सगळा इतिहास घेऊन माझ्या मेहुण्याचा धंदा आता मेणबत्ती पेटवण्यावर आला आहे, आणि खरं सांगायचं तर बरा चालला आहे. ‘दीपप्रज्वलन संच’ या नावाने तो विकला जातो. रायपूर, भिलाई, बिलासपूरहून मागणी येते, मध्यंतरी एक नागपूरला गेला. सिगारेटसाठी आजवर एकही गेला नाही. आत्याबाईंनीही एक घेतला आणि पैसे दिले नाहीत. रुखवताच्या हिशेबात तो वळता करायचं ठरलं आहे.

तेव्हा आपल्या संस्थेत काही कार्यक्रम असेल तर गोल बाजारात जरूर या. हत्ती रिकाम्या टाकीचा मिळेल, कारण भरलेला कुरिअरवाले घेत नाहीत. पेट्रोल कार्यक्रमाच्या दिवशीच भरा, आदल्या रात्री भरलंत तर सकाळपर्यंत उडून जातं. खोक्यात तळाशी एक काडेपेटी ठेवलेली असते. तिचे पैसे आम्ही लावत नाही.